सेन्सर न विकल्याबद्दल आभार

काका, सप्रेम नमस्कार.

गॅरेजातली पोरं तुम्हाला मेस्त, म्हणजे मिस्त्री म्हणतात. मी पहिल्या दिवसापासून काका म्हणत आलो, तेच इथे चालू ठेवतो. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही हात पुसत दुसऱ्या गाडीखाली शिरता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव मुद्दाम घालत नाही. डिचोलीत ओळखणारे ओळखतील.

चवथीच्या सुट्टीत मी माझ्या २०१४ च्या पेट्रोल स्विफ्टला बाहेरचा ४-२-१ हेडर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा (चाराच्या दोन, दोनाची एक), बसवला. घरच्या अंगणात, यूट्यूब बघून. दोन दिवस नुसता आवाज ऐकत हिंडलो. तिसऱ्या दिवशी चोर्ला घाट चढताना चेक इंजिनचा दिवा लागला. ब्लूटूथ स्कॅनर लावला तर पी०१३५ आणि पी०१४१, म्हणजे पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन बघणाऱ्या) आतल्या, त्यांना तापवणाऱ्या हीटरची तक्रार. एका गॅरेजात गेलो. तिथे बॉनेटसुद्धा न उघडता निकाल मिळाला: दोन्ही सेन्सर गेले, बदलून टाका. मी त्यातला एक विकतही घेतला. साडेचार हजार.

तो डबा काखेत मारूनच तुमच्याकडे आलो. तुम्ही डब्याकडे बघितलंही नाहीत. म्हणालात, "एका घरातली दोन माणसं एकाच रात्री आजारी पडली, तर आधी जेवण काय होतं ते विचारतात."

मग पुढच्या सेन्सरचा कनेक्टर सोडवून मला मल्टिमीटर धरायला दिलात. चार तारा. एकाच रंगाच्या दोन, त्या हीटरच्या. उरलेल्या दोन सिग्नलच्या. हीटरच्या तारांमध्ये सहा ओमच्या आसपास आकडा आला. "शाबूत आहे. हीटर जळला असता तर काहीच दाखवलं नसतं." मागच्याचंही तेच. मग गाडीकडून येणाऱ्या बाजूला, चावी चालू करून, बारा व्होल्ट शोधले. नव्हतेच. दोघांना वीज पुरवणारा फ्यूज उडाला होता.

नवा फ्यूज टाकून मोकळे झाला असतात तर तो पुन्हा उडाला असता. तुम्ही टॉर्च घेऊन वाकलात आणि म्हणालात, "पळय," म्हणजे बघ. हेडरमुळे सेन्सर खाली सरकला होता, वायर पुरेना म्हणून मी ती वाढवली होती. कथिलाने जोडून वर काळी टेप. ती टेप हेडरच्या दुसऱ्या नळीवर वितळून डांबरासारखी चिकटली होती, आणि आतली उघडी तार लोखंडाला टेकली होती. मी केलेलं काम ते. तुम्ही हसला नाहीत. पोरं हसली, तर त्यांना चहा आणायला पाठवलंत.

कथिल का नको, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. सेन्सर एका बाजूने धूर बघतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेरची हवा, आणि दोन्हींतला फरक व्होल्टमध्ये सांगतो. बऱ्याच सेन्सरना ती बाहेरची हवा तारांच्या आतूनच मिळते. जोडात कथिल भरलं की श्वास कोंडला. तुम्ही माझे जोड कापून क्रिंप केलेत, म्हणजे कथिलाशिवाय नुसते दाबून जोडलेत, उष्णता सोसणारी नळी चढवलीत आणि वायर हेडरपासून लांब बांधलीत.

आठवड्यानंतर पी०१७१ घेऊन मी परत हजर. लीन मिक्स्चर, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी म्हणे, आणि गाडीच्या मागे तर कच्च्या पेट्रोलचा वास, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी! स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २४, म्हणजे गाडी नेहमीपेक्षा २४ टक्के जास्त पेट्रोल ओतत होती. मी पुन्हा त्या डब्याचं नाव काढलं. तुम्ही विचारलंत, "सकाळी थंड असताना टिक-टिक करते का? आणि तापल्यावर बंद?" करत होती. मला वाटलं होतं, टॅपेटचा, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हचा आवाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंडगार असताना, सायलेन्सरच्या तोंडात चिंधी गुंडाळून ब्लोअर लावलात आणि हेडरच्या फ्लँजवर, म्हणजे तो इंजिनाला जोडतो त्या पट्टीवर, साबणाचं पाणी शिंपडलंत. चौथ्या पोर्टखाली बुडबुड्यांचा पुंजका फुगत राहिला, मुलं साबणाचे फुगे उडवतात तसा. तापल्यावर धातू फुगतो, भेग जवळजवळ मिटते, आवाज थांबतो. पण धुराच्या दोन झोतांच्या मधल्या क्षणी तिथूनच बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, इसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. सेन्सर खरंच बोलत होता, चूक माझ्या गॅस्केटची होती. जुनंच परत घातलं होतं, वर बाजारातलं साधं सिलिकॉन फासून. ते सिलिकॉन खरवडताना मात्र तुम्ही चिडलात. त्याची वाफ सेन्सरला विष, हे मला आयुष्यभर लक्षात राहील. नवं गॅस्केट घातलं, ट्रिम ३-४ वर आला.

शेवटी उगवला पी०४२०, म्हणजे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करत नाही अशी तक्रार. हेडर बसवताना मी तो कन्व्हर्टरच काढून टाकला होता, त्यामुळे स्कॅनरवर मागचा सेन्सर पुढच्यासारखाच वर-खाली नाचत होता. मित्र म्हणाले, मागच्या सेन्सरखाली स्पेसर, म्हणजे त्याला धुरापासून लांब धरणारा तुकडा घाल, फसतो. तुम्ही स्वच्छ नकार दिलात: "खोटं बोलायला मी शिकवणार नाही. पीयूसीला तू जाणार, आणि धुराचा वास घेणार तुझ्याच गल्लीतली पोरं." खर्च झाला, कन्व्हर्टर वेल्ड करून बसला, स्कॅनरवरची मागच्या सेन्सरची रेघ सरळ झाली. तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू.

या सगळ्यात तुम्ही माझ्याकडून एकही सेन्सर विकल्याचे पैसे घेतले नाहीत. मी घेतलेला तो अजून कपाटात आहे. दुकानदार विजेचा माल परत घेत नाही. तुमच्याकडे कुणाला खरंच लागला तर घालून टाका, त्याच किमतीत नको, कमी करून.

हेडर तीन-चारदा तापून थंड झाला की नट पुन्हा आवळायला ये, म्हणाला होतात. ते राहिलंय. शनिवारी सकाळी येतो, इंजिन थंड असताना. पातळभाजी-पाव मी आणतो, पोरांसाठीसुद्धा.

तुमचा,
काळी टेपवाला