अल्टो सॅक्सोफोन सुरात ठेवायचा तर

प्रिय मंदार,

बँडमधले सगळे म्हणतात तू चढा वाजतोस आणि घरी ट्यूनरचा (सूर मोजणाऱ्या यंत्राचा) काटा मात्र बरोबर मध्यावर येतो, असं तू लिहिलंयस. दोन्ही खरं असणार. ट्यूनरसमोर तू एकच लांब स्वर धरतोस, तोही काट्याकडे बघत; काटा हलला की नकळत ओठ आवळतोस किंवा सैल सोडतोस. बँडमध्ये काटा नसतो, स्वर बदलत असतात आणि हॉर्न, म्हणजे तुझा सॅक्सोफोन, तापलेला असतो. तेव्हा ट्यूनर जरा बाजूला ठेव आणि या क्रमाने बघ.

आधी हॉर्न गरम कर. आतली हवा एका अंशाने तापली की सूर साधारण 3 सेंटांनी चढतो, आणि 100 सेंट म्हणजे एक सेमीटोन, लागून असलेल्या दोन स्वरांमधलं अंतर. थंड हॉर्नवर सूर उतरलेला येतो म्हणून तू माउथपीस (तोंडात धरायचा भाग) आत ढकलतोस, आणि दोन-तीन गाण्यांनंतर सगळं वर गेलेलं असतं. निदान पाच मिनिटं वाजव, मगच जुळव. मध्ये लांब विश्रांती असेल तर खालच्या बी फ्लॅटची बोटं धरून, आवाज न काढता, नळीत ऊबदार श्वास सोडत राहा.

दुसरी तपासणी नुसत्या माउथपीसची. रीड (त्यावरची पातळ पट्टी) लाव, नेकला (हॉर्नच्या वरच्या वाकड्या नळीला) न जोडता मध्यम जोरात फुंक. अल्टोवर साधारण कॉन्सर्ट ए (कीबोर्डवरचा ए; अल्टोवर त्याच स्वराचं नाव वेगळं असतं) यायला हवा, म्हणजे 880 हर्ट्झ. जॅझ वाजवणारे बरेच जण त्याहूनही खाली राहतात. तुझा बी किंवा सी येत असेल तर तू चावतोयस, म्हणजे जबड्याने रीड दाबतोयस, आणि तुझं दुखणं तिथेच आहे असा माझा अंदाज. जबडा खाली सोड, खालचा ओठ रीडला फक्त आधार देईल एवढाच ठेव, श्वासाचा जोर मात्र कमी करू नकोस. मग त्याच माउथपीसवर स्वर हळूहळू खाली ओढत ने, जमेल तितका, आणि परत वर आण. हे काम जिभेच्या मागच्या भागाने आणि घशाने व्हायला हवं. रोज थोडा वेळ पुरतो. शेजारी कुरकुरतील, पण याच्याइतका उपयोगी व्यायाम दुसरा नाही.

माउथपीस नेकच्या टोकावरच्या कॉर्कवर कुठे बसवायचा हे चावणं सुटल्यावरच ठरव. चावत असताना ठरवलंस तर चढलेला सूर उतरवायला तो बाहेर ओढशील, आणि मग हॉर्नचं अंतर्गत गणितच बिघडतं. कारण असं, की माउथपीस 1 मिलिमीटर सरकवला तर आखूड नळीच्या स्वरांवर परिणाम जास्त होतो आणि लांब नळीच्या स्वरांवर कमी. मधला सी शार्प सगळी बोटं उघडी ठेवून वाजतो, म्हणजे सगळ्यात आखूड नळी. त्याला लागूनच डी येतो, सहा बोटं आणि ऑक्टेव्ह की (स्वर एक सप्तक वर नेणारी), म्हणजे जवळपास पूर्ण नळी. बहुतेक सॅक्सोफोनवर हा सी शार्प मुळातच थोडा उतरलेला असतो आणि डी चढलेला. माउथपीस जास्त बाहेर असेल तर सी शार्प आणखी खाली जातो, डी फारसा हलत नाही, आणि दोघांमधली दरी वाढते. म्हणून सी शार्प–डी–सी शार्प असं हळू वाजवून ऐक. अंतर नेहमीच्या सेमीटोनपेक्षा मोठं वाटलं तर माउथपीस आत घे आणि जबडा सोड.

जागा शोधायला दोन एफ शार्प घे, ऑक्टेव्ह कीशिवाय आणि कीसह. अल्टोवर ते कॉन्सर्ट ए होतात, 220 आणि 440. खालचा बरोबर आणि वरचा चढा येत असेल तर माउथपीस फार आत आहे किंवा तू अजून चावतोयस. एका वेळी 1 मिलिमीटरच सरकव, आणि जागा सापडली की कॉर्कवर पेन्सिलीने खूण कर. खूण ही सुरुवातीची जागा. थंडी-उन्हाप्रमाणे तिथून थोडं मागेपुढे होणारच.

एवढं करूनही डी चढा राहिला तर डाव्या करंगळीने खालच्या बीची की जोडून बघ, तो थोडा उतरतो. उतरलेल्या सी शार्पसाठी ऑक्टेव्ह की आणि डाव्या हाताचं तिसरं बोट एवढंच वापरून बघ. हॉर्न-हॉर्नवर फरक पडतो, म्हणून हे मात्र ट्यूनरवर तपास. धावत्या फ्रेजमध्ये असले उपद्व्याप नकोत, लांब स्वरापुरतेच. शेजारचे दोन्ही स्वर ठीक आणि मधलाच एक बिघडलेला असेल, तर पॅड (कीखालची, भोक झाकणारी गादी) गळतोय किंवा कीची उघडझाप कमी-जास्त झालीय. ते दुरुस्तीवाल्याचं काम, ओठाने सांभाळत बसू नकोस.

आता बँड. आधी कीबोर्डवाल्याला त्याचं मास्टर ट्यूनिंग (ए किती हर्ट्झचा, ते ठरवणारी सेटिंग) 440 वर आहे ना, ते विचार. कोणीतरी 442 करून ठेवतं आणि दोष फुंकणाऱ्यावर येतो. मग त्याच्याकडून ए घे. तो वाजत असताना तू वाजवू नकोस. ऐक, मनात गुणगुण, आणि मगच थेट स्वर लाव. खालून घसरत वर येऊ नकोस. दोन सूर जवळ पण वेगळे असले की आवाज लाटेसारखा थरथरतो. 440 आणि 442 एकत्र वाजले तर सेकंदाला दोन थरथरी येतात. त्या मंदावत थांबल्या की जुळलं. व्हायब्रेटो (स्वर मुद्दाम हलवणं) पूर्ण बंद ठेव, नाहीतर काहीच कळणार नाही.

ट्रम्पेट किंवा टेनरबरोबर हॉर्न सेक्शनमध्ये लांब कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) धरता, तेव्हा तुझ्या वाट्याला कॉर्डचा कुठला स्वर आलाय ते माहीत हवं. मेजर थर्ड (कॉर्डच्या मूळ स्वरापासून चार सेमीटोन वरचा) असेल तर ट्यूनरच्या मध्यापेक्षा सुमारे 14 सेंट खाली धरलास की कॉर्ड शांत होते. मायनर थर्ड (तीन सेमीटोन वरचा) सुमारे 16 सेंट वर लागते. पाचवा स्वर जेमतेम 2 सेंट वर, तो सोडून दे. खाली कीबोर्ड तीच कॉर्ड धरून असेल तर मात्र हा हिशेब विसर आणि त्याच्याशीच जुळव, कारण तो हलणार नाही. युनिसन, म्हणजे सगळ्यांनी एकच स्वर वाजवणं, सर्वांत अवघड. मुख्य धून वाजवणाऱ्या लीडपेक्षा थोडं हळू वाजव, म्हणजे त्याचा सूर तुला ऐकू येईल.

जोर वाढला की सॅक्सोफोन उतरतो, हळू झाला की चढतो. बासरीचं नेमकं उलट, म्हणून ती सोबत असेल तर शेवटच्या विरत्या स्वराला तुम्ही दोघं विरुद्ध दिशांना जाल. हळू होताना जबडा किंचित सोड, श्वासाचा आधार मात्र सोडू नकोस.

स्टेजवर मात्र गोंगाटात स्वतःचा आवाज न येणं हेच चढण्याचं मोठं कारण. ऐकू येत नाही म्हणून माणूस जोर लावतो, चावतो. मॉनिटरमध्ये बास आणि कीबोर्ड मागून घे, गिटार कमी कर. नाहीच जमलं तर एका कानात इअरप्लग घाल, स्वतःचा सूर हाडातून ऐकू येतो.

पुढच्या सरावाचं रेकॉर्डिंग पाठव, पहिलं गाणं आणि शेवटचं, दोन्ही. आणि रीडचा नंबर कळव. फार कडक रीडही चावायला लावते.

तुझा,
श्रीधर