लिंक रोडच्या मिसळवाल्या काकूंना

काकू, नमस्कार.

तुम्ही हे स्वतः वाचणार नाही माहितीये, चष्मा गल्ल्याच्या ड्रॉवरमध्येच पडून असतो, पण तुमची नात वाचून दाखवेल, नाहीतर आपल्या टेबलावरचं कोणीतरी दाखवेलच. सोमवारपासून माझी सिन्नरला ड्युटी चालू होतीये, सातची शिफ्ट, साडेपाचला घर सोडायचं, म्हणजे तुम्ही शटर वर कराल तेव्हा मी शिंद्याच्या टोलनाक्यापुढे गेलेलो असेन. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "पाव गरम देऊ का" म्हणून विषय बदलता, परवा पण तेच केलंत, म्हणून शेवटी लिहायला बसलोय.

जुलै २०२२. तुम्हाला तारीख आठवत नसेल, मला आठवते, कारण त्या आठवड्यात नाशकात गोदेला पूर होता आणि तुमच्याकडे सगळे दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं तेवढंच बोलत होते. मी सातपूरच्या ईएसआय, म्हणजे कामगार विम्याच्या, हॉस्पिटलमधून ड्रेसिंग करून निघालेलो, पाऊस असला की समोरचं दिसेना, आणि खरं सांगतो मी मिसळ खायला आलो नव्हतो, बँडेज भिजू नये म्हणून आत शिरलो होतो.

माझं वय तेव्हा २६. एका प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या पॉवर प्रेसवर होतो, पायाच्या पॅडलवर चालणारी मशीन, हात आत असला की ती थांबवणारा सेन्सर होता पण बायपास केलेला, कारण सेन्सर चालू असला की नग कमी निघतात आणि सुपरवायझर डोक्यावर उभा. जॉब, म्हणजे तयार पार्ट, काढायला हात आत गेला आणि प्रेसनं डबल स्ट्रोक मारला, आपोआप दुसऱ्यांदा खाली आली. उजव्या हाताचं पहिलं बोट आणि मधलं बोट. त्या दिवसाचं याच्यापुढे मला लिहायचं नाहीये.

तुम्ही प्लेट ठेवलीत. मटकी, शेव, कांदा, दही, पापड, रश्शाची वाटी, सगळं मस्त आणि मी नुसता पावाकडे बघत बसलो, कारण एका हातानं पाव तोडता येत नाही, तो नुसता दाबला जातो. आणि डाव्या हातानं खायची लाज. आमच्याकडे निफाडला लहानपणी डाव्या हातानं घास उचलला तर आई मनगटावर चापट मारायची, ते अंगात इतकं बसलंय की मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. तुम्ही येऊन पावाची प्लेट उचलून नेलीत, मला वाटलं दुसरं गिऱ्हाईक आलं असेल, आणि दोन मिनिटांनी तोच पाव तुकडे करून आणून ठेवलात आणि गेलात. काही बोलला नाहीत. "काय झालं रे" असं विचारलं नाहीत काकू. बाकी बसमध्ये, हॉस्पिटलच्या लायनीत, गावात, जो भेटेल त्यानं पहिलं तेच विचारलं होतं आणि मी तीच गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती की रात्री झोपेत पण सांगायचो.

मग रोज यायला लागलो. रूमवर पार्टनर कामाला गेले की भिंती खायला उठायच्या. पाव रोज तुकडे करून यायचा. महिना-दीड महिन्यानं एका सकाळी अख्खा आला. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही तर्री ढवळत होता, मान वर केली नाहीत. दहा मिनिटं लागली मला तो तोडायला, अंगठा आणि तिसऱ्या बोटाच्या चिमटीत धरून, निम्मा चुरा झाला, पण तोडला. त्या दिवशी रूमवर जाऊन आईला फोन केला. काय झालं ते तिला नीट सांगता पण आलं नाही, पाव तोडला म्हणून कोण रडतं.

तुमचा एक नियम आहे, एकट्या माणसानं टेबल अडवायचं नाही. "तिकडं सरक, जागा कर", बस. त्या नियमामुळे बेसिनजवळच्या टेबलावर आम्ही सगळे एकटे-एकटे एकत्र आलो. दिंडोरीचे आबा, दर मंगळवारी. त्यांच्या द्राक्षाचा व्यापारी माल उचलून गेला, चेक बाऊन्स, फोन बंद, खोलीला कुलूप. ज्यांना बागेतलं कळत नाही त्यांना सांगतो, एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मधे डावणी-भुरी रोगांच्या फवारण्या, घड औषधात बुडवायचं डिपिंग, मजूर, सगळं उधारीवर उभं असतं आणि वर्षातून एकदाच पैसा दिसतो, तो एकदाच दिसायचा तेव्हाच माणूस गायब. आबा तक्रारीच्या चकरा मारायला यायचे, सिडकोत लेकीकडे मुक्काम करायचे आणि तिच्यासमोर काही दाखवायचं नाही म्हणून सकाळी तुमच्याकडे येऊन गप्प बसायचे. नर्स ताई, नाईट ड्युटी सुटली की यायच्या. २१ एप्रिल २०२१ ला नाशकात ऑक्सिजनची टाकी लीक होऊन वीसच्या वर पेशंट गेले ते सगळ्यांना माहितीये, ताईंचे मिस्टर त्याच आठवड्यात गेले, दुसरीकडे, आणि त्या स्वतः तेव्हा तिसऱ्याच वॉर्डात पीपीई किट घालून ड्युटीवर होत्या. आणि रिटायर हेडक्लार्क काका, ज्यांचा मुलगा बोलत नाही. का ते आम्ही विचारलं नाही, तुमच्याकडूनच शिकलो.

मी दोनदाच त्या टेबलावर माझं काहीतरी बोललो. एकदा सांगितलं की नसलेलं बोट दुखतं. खाजवतं, रात्री वाकडं होऊन अडकल्यासारखं वाटतं, आणि मला वाटलं डोक्यावर परिणाम झालाय. ताई लगेच म्हणाल्या वेडा नाहीयेस तू, बोट गेलं तरी मेंदूतला त्याचा नकाशा जात नाही, आणि डॉ. रामचंद्रन म्हणून आहेत, चेन्नईला डॉक्टरकी शिकलेले, त्यांनी १९९० च्या दशकात यावर आरशाचा उपाय काढला. आरसा दोन्ही हातांच्या मधे उभा धरायचा, दुखरा हात मागे, चांगला पुढे, आणि आरशात बघत दोन्ही हात एकदम उघडायचे मिटायचे, मेंदूला वाटतं दोन्ही हात अख्खे आहेत आणि तो अडकलेला ताण सुटतो. सगळ्यांना गुण येतोच असं नाही असंही त्या म्हणाल्या. तुम्ही कांदा चिरत ऐकत होता. दुसऱ्या दिवशी बेसिनवरचा आरसा स्क्रूसकट काढून आमच्या टेबलावर! गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली तर तुम्ही म्हणालात "केस घरून विंचरून या." पुढचे तीन महिने मी रोज मिसळीच्या आधी पंधरा मिनिटं तो आरसा लावून बसायचो, ताई समोर बसून मोजायच्या, आबा उगाच हात उघडमीट करायचे मला सोबत म्हणून. मला फरक पडला. पूर्ण गेलं नाही, थंडीत अजून ठणकतं, पण झोप यायला लागली.

दुसऱ्यांदा बोललो ते पैशाचं. कंपनीनं अपघाताचा रिपोर्टच पाठवला नव्हता, वर एक कागद आणला, घरी लागलं असं लिहून सही कर, पन्नास हजार देतो. मी करणार होतो सही, भाडं थकलं होतं. काकांनी हातातला चमचा खाली ठेवला. तुझ्या पगारातून ०.७५ टक्के ईएसआयला जातात आणि कंपनीचे ३.२५ म्हणाले, ते कशाला जातात? कामावर लागलं तर सुट्टीच्या काळात पगाराच्या साधारण ९० टक्के मिळतात, कायमचं अपंगत्व असेल तर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि त्या हिशोबानं महिन्याला पैसे, जन्मभर, हे सगळं त्या एका सहीनं सोडून देणार का. मग पांढऱ्या कागदावर मुद्दे काढून दिले, माझ्याबरोबर तीन वेळा आले, लायनीत उभे राहिले. शेवटी रिपोर्ट गेला. कायद्याच्या तक्त्यात एका हाताची दोन बोटं म्हणजे कमाईची क्षमता २० टक्के कमी असं लिहिलेलं असतं, तो आकडा डोक्यात घेऊन मी तुमच्याकडे आलो, तोंड पाडून, म्हटलं काकू माझे वीस टक्के गेले. तुम्ही म्हणालात, "ऐंशी हाय ना? मग उद्यापासून सहाला ये, मटकी निवडायला माणूस नाही."

मला हे लिहायचंय म्हणून बाकीचं सगळं लिहिलं काकू. फिजिओथेरपीवाल्यांनी बॉल दाबायला दिलेला, तो मी दोन दिवस दाबला आणि कोपऱ्यात टाकला. पण मटकीतला खडा अंगठ्यानं आणि तिसऱ्या बोटानं उचलायचा तर तो खडा तिथं असतो, नाही उचलला तर कोणाच्या तरी दाताखाली येणार. रोज दोन किलो. पहिल्यांदा तास लागायचा. मग लसूण, मग खोबऱ्याच्या वाट्या भाजायला धरणं, मग काळ्या मसाल्याचा कांदा उभा चिरणं, सुरी उजव्यात धरून. दया केली असतीत तर मी यायचा बंद झालो असतो, तुम्ही ओरडायचात, "हा कांदा जाड चिरलाय, परत चिर." त्या ओरडण्याचे आभार कसे मानतात मला माहीत नाही.

आणि मागच्या डिसेंबरात तुम्ही मोरीत पाय घसरून पडलात आणि मनगट मोडलं. निफाडचा पारा पाच-सहावर आलेला, त्या थंडीत मटकीला मोड येईनात, तुम्ही प्लॅस्टर गळ्यात अडकवून खुर्चीवर बसून सगळ्यांना सांगत होता, फडकं घट्ट बांधा, भट्टीजवळ ठेवा, वर पोतं टाका. ताई नाईट करून येऊन तासभर गल्ला सांभाळायच्या. काका पाव मोजून घ्यायचे आणि हिशोब असा लिहायचे की जणू ऑफिसचं रजिस्टर. आबा एका मंगळवारऐवजी चार-चार दिवस राहायला लागले, भांडी घासली त्यांनी, स्वतःच्या घरी कधी तांब्या विसळला नसेल. आणि तर्रीवर मी. पळी या हातात धरून पाच आठवडे मी लोकांना रस्सा वाढला, हाताकडे बघणारे बघायचे, मला फरक पडायचा नाही, रस्सा संपतोय का तिकडे लक्ष असायचं. पहिल्या दिवशी तुमच्यापुढे मिसळ ठेवताना तुमचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, म्हणून पावाचे तुकडे मी करून आणले. तुम्ही प्लेटकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "मोठे झालेत तुकडे."

सिन्नरचं काम इन्स्पेक्शनचं आहे, गेज लावून जॉब तपासायचे. इंटरव्ह्यूमध्ये साहेबांनी हात बघून विचारलं, बारीक पार्ट उचलता येतील का. मी टेबलावरचा वॉशर उचलून दाखवला, एका झटक्यात. त्यांना काय माहीत मी साडेतीन वर्षं खडे उचललेत.

आबांचे पैसे अजून पूर्ण आले नाहीत, थोडे आलेत, त्यांच्याबरोबर पुढच्या तारखेला काका जाणारेत. ताईंना म्हणावं आरसा आता बेसिनवर परत लावू नका, परवा एक पोरगा आला होता हात गळ्यात बांधलेला, भिंतीकडे तोंड करून बसला होता, तुम्ही बघितलंच असेल.

रविवारी सुट्टी आहे. सहाला येतो. मटकी ठेवा.

तुमचा,
बेसिनजवळच्या टेबलावरचा