शिष्यवृत्तीच्या तारखा वेळेवर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात मास कम्युनिकेशन शिकणारी मुले आणि इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, म्हणजे आपल्याकडचे 'ईटीसी', शिकणारी मुले यांच्यासाठी शिष्यवृत्त्याच नाहीत, ही तक्रार दर वर्षी कानावर येते. शिष्यवृत्त्या आहेत. त्या हातच्या जातात, कारण बातमी छापून येते तोवर मुदत संपलेली असते आणि अर्ज नेमका कुठे अडतो हे कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र लांबले आहे. जागेअभावी कापावे लागले, तर शेवटची मागणी तेवढी ठेवावी.

सुरुवात केंद्राच्या पीएम-यूएसपी या महाविद्यालयीन शिष्यवृत्ती योजनेपासून करतो, कारण ती दोन्ही शाखांना लागू आहे. देशभरात दर वर्षी 82,000 नव्या शिष्यवृत्त्या, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. पदवीची पहिली तीन वर्षे वर्षाला 12,000 रुपये. अभियांत्रिकीच्या चौथ्या वर्षी आणि पदव्युत्तर शिक्षणात 20,000. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि बारावीचे गुण आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत 80 व्या पर्सेंटाइलच्या वर हवेत. इथे पहिला घोळ होतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. आपल्या शाखेत उत्तीर्ण झालेल्या शंभरांपैकी ऐंशी जणांच्या पुढे असलात की झाले, मग टक्के काही का असेनात. निकाल सढळ लागला तर 80 टक्केवालाही बाहेर राहतो, कडक लागला तर त्याहून कमी टक्क्यांवरही नाव लागते. शिवाय जागा विज्ञान, वाणिज्य आणि कला यांत 3:2:1 अशा वाटलेल्या असतात. कला शाखेतून बारावी करून मास कम्युनिकेशनला गेलेल्या मुलीची स्पर्धा विज्ञानाच्या मुलांशी नसतेच. 'माझे टक्के कमी' म्हणून अर्जच न भरणाऱ्या मुलांचे सर्वांत वाईट वाटते.

या योजनेची एक अट फार कमी जण वाचतात. दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती, फी-माफी किंवा फी-परतावा घेत असाल तर ही मिळत नाही. राज्याची मदत आणि ही, दोन्ही एकदम घेता येत नाहीत. तेव्हा आकडे समोर ठेवून आधीच निवड करावी. दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. त्यासाठी 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते.

ईटीसीच्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे तांत्रिक शिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती याहून मोठी आहे: वर्षाला 50,000 रुपये, उत्पन्नाची मर्यादा 8 लाख, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. पदवीच्या पहिल्या वर्षाला, किंवा डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेला हवा. 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी सक्षम आणि अनाथ मुलांसाठी स्वनाथ या योजनांतही रक्कम तेवढीच. मात्र संस्था आणि अभ्यासक्रम दोन्ही एआयसीटीई-मान्य हवेत. बी.ए. मास कम्युनिकेशनला ही मान्यता नसते, त्यामुळे त्या मुलींना प्रगतीचे दार बंद. माध्यमांचे शिक्षण आता कॅमेरा, साउंड रेकॉर्डर आणि एडिटिंगच्या संगणकाशिवाय होत नाही, खर्चही तांत्रिक शिक्षणासारखाच येतो. राज्य सरकारने निदान उपकरणांपुरती वेगळी तरतूद करावी, इतका हा अन्याय उघड आहे.

अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींसाठीच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, योजना शाखा पाहत नाहीत. गावडा, कुणबी, वेळीप समाजातली माध्यमांची विद्यार्थिनीही आदिवासी कल्याण खात्याकडे अर्ज करू शकते. केंद्राच्या एसटी योजनेत उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. खात्याच्या गगन भरारी या शैक्षणिक मदतीच्या योजनेचीही चौकशी त्याच खेपेला करावी.

आता कागदांकडे येतो, कारण खरी गळती तिथे होते. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आधी ओटीआर (एकदाच करायच्या नोंदणीचा) क्रमांक काढावा लागतो. त्यासाठी मोबाइलवर आधारचे चेहरा ओळखणारे अ‍ॅप लागते. ओटीआरमध्ये नाव आधारवरून येते आणि गुणपत्रिकेवर ते वेगळे असते. गोव्यात हे हमखास घडते. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. एकावर वडिलांचे नाव, दुसऱ्यावर गायब. आजोबांच्या काळातले पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग जन्मदाखल्यावर आणि नवे शाळेच्या दाखल्यावर. फरक किरकोळ असेल तर मामलेदार कार्यालयातून डायव्हर्जन्स सर्टिफिकेट, म्हणजे दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा दाखला, काढून जोडावे. आधारवरचे नाव उठसूट बदलू नये. ते आयुष्यात दोनदाच बदलता येते. गुणपत्रिकेशी जुळेल असे एकदाच, नीट, अक्षर न अक्षर तपासून करावे.

उत्पन्नाचा दाखलाही मामलेदारांचाच लागतो, वडिलांची पगाराची स्लिप चालत नाही. त्यात आई-वडील दोघांचे उत्पन्न धरतात. अलीकडे पोर्टल बहुधा जून-जुलैत सुरू होते आणि मुदत साधारण ऑक्टोबरअखेरची असते. दाखल्याचा अर्ज मे महिन्यातच घालावा. 'चतुर्थी झाली की बघू' म्हणणाऱ्यांना नंतर रांगेत दिवस काढावे लागतात.

अर्ज सबमिट केला की काम संपले, हा समज सर्वांत महाग पडतो. पुढे महाविद्यालयाचा नोडल अधिकारी, म्हणजे शिष्यवृत्तीचे काम सोपवलेला शिक्षक, तो तपासतो, मग जिल्हा किंवा राज्य स्तरावर पुन्हा तपासणी. काही चुकले असेल तर अर्जावर 'डिफेक्टिव्ह' असा शेरा पडतो आणि तो विद्यार्थ्याकडे परत येतो. ही शिक्षा नव्हे, दुरुस्तीची संधी आहे. पण तिलाही स्वतंत्र मुदत असते. 'रिजेक्टेड' झालेला अर्ज मात्र त्या वर्षापुरता संपला. म्हणून सबमिट केल्यावर दर आठवड्याला स्टेटस पाहावे आणि छापील प्रत, दाखले घेऊन नोडल अधिकाऱ्याला स्वतः भेटावे. महाविद्यालयांनीही हे काम आधीच तासिकांनी वाकलेल्या कनिष्ठ शिक्षकाच्या गळ्यात मारू नये. ऑक्टोबरपुरते तरी त्याचे तास कमी करावेत.

पैसे येण्याच्या टप्प्यावर आणखी एक खड्डा आहे. खाते आधारशी 'लिंक' असणे आणि 'सीड' असणे, म्हणजे सरकारी रकमेसाठी नोंदलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी रक्कम एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत जे खाते शेवटचे सीड झाले असेल त्यातच जाते, अर्जात कोणतेही लिहा. बारावीनंतर कोणी दुसऱ्या बँकेत खाते उघडले आणि फॉर्मवरच्या संमतीच्या चौकटीत टिक केली, तर पैसे तिकडे वळतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस दोन मिनिटांत दिसते. खासगी संस्था मात्र खाते क्रमांक आणि आयएफएससीवर पैसे पाठवतात. 2020 मध्ये सिंडिकेट बँक कॅनरात आणि कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये विलीन झाली, तरी जुनी पासबुके अजून अर्जांना जोडली जातात. नवीन पासबुक घ्यावे.

खासगीपैकी दोनच सांगतो. रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती कोणत्याही शाखेच्या पहिल्या वर्षाला चालते. पूर्ण अभ्यासक्रमासाठी 2 लाखांपर्यंत, बारावीला 60 टक्के, ऑनलाइन अभियोग्यता चाचणी सक्तीची. अर्ज भरून चाचणीच न देणाऱ्यांचा विचार होत नाही. भारती एअरटेल फाउंडेशनची योजना पूर्ण फी, वसतिगृह आणि लॅपटॉप देते, पण एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीतल्या पहिल्या 50 अभियांत्रिकी संस्थांपुरती. संस्था यादीत आहे का हे पाहूनच वेळ घालवावा.

पुरस्कारांची गोष्ट वेगळी. तिथे दाखले चालत नाहीत, काम लागते. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला सहा जणांचा संघ लागतो, त्यात किमान एक मुलगी. महाविद्यालयाने अंतर्गत फेरी घेऊन नाव पाठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती फेरीच झाली नाही तर मुले काहीही करू शकत नाहीत. इंडियन नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग विद्यार्थी प्रकल्पांना पुरस्कार देते. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेच्या मायक्रोवेव्ह सोसायटीची पदवी विद्यार्थ्यांसाठी 1,500 डॉलरची शिष्यवृत्ती आहे. अशा ठिकाणी ईटीसीचे प्रकल्प बहुधा एकाच कारणाने मागे पडतात: नुसते सिम्युलेशन, मोजमाप नाही. अँटेना केला असेल तर सिम्युलेटेड आणि मोजलेला एस-11 (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या लहरींचे माप) एकाच आलेखावर दाखवा. 1.6 मिलिमीटर एफआर-4 या सर्किट बोर्डाच्या पत्र्यावर 2.4 गिगाहर्ट्झसाठी आखलेला पॅच अँटेना प्रत्यक्षात थोड्या वेगळ्या वारंवारितेवर सरकतो, कारण डाय-इलेक्ट्रिक स्थिरांक 4.4 धरलेला असतो आणि पत्र्यागणिक तो बदलतो. हा फरक लपवू नये, कारणासह लिहावा. परीक्षक तेच शोधत असतात. लोरा, म्हणजे थोडी माहिती दूरवर पाठवणारे रेडिओ तंत्र, वापरणाऱ्यांनी मॉड्यूलची वारंवारिता पाहून घ्यावी. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झ परवानामुक्त आहे. अमेरिकेसाठी बनवलेला 915चा मॉड्यूल इथे वापरणे नियमबाह्य ठरते, आणि प्रश्न विचारला की संघ गप्प होतो.

माध्यमांच्या मुलांसाठी सर्वांत मोठी संधी तर दारातच आहे. इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, 2021 पासून 'क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमारो' हा तरुण चित्रपटकर्मींचा उपक्रम चालतो. 75 तरुणांपासून सुरू झालेली निवड 2024 मध्ये 100 वर गेली. वयोमर्यादा 35. निवडलेल्यांना 48 तासांत लघुपट करावा लागतो. प्रवेश दिग्दर्शन, संकलन, ध्वनी अशा एकेका कौशल्यासाठी असतो. सगळे दिग्दर्शनाकडे धावतात. ज्याचा ध्वनी चांगला त्याने ध्वनीसाठीच अर्ज करावा. कोणत्याही स्पर्धेत कोकणी-मराठी लघुपटाला इंग्रजी सबटायटल्स आणि प्रत्येक गाण्याच्या हक्काचा लेखी पुरावा तयार ठेवावा. इंटरनेटवरून उचललेले पार्श्वसंगीत हे बाद होण्याचे नेहमीचे कारण.

पदवीनंतरचे थोडक्यात: गेट ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन एम.टेक.ला एआयसीटीईचे महिना 12,400 रुपये मिळतात. मास कम्युनिकेशन हा नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा स्वतंत्र विषय आहे आणि तिच्यातून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना 37,000. युरोपातल्या इरॅस्मस मुंडुस अभ्यासक्रमांत पत्रकारिताही आहे, महिना 1,400 युरो. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी मात्र 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणून पहिल्या नोकरीपासून अनुभवपत्रे जपून ठेवावीत.

आपल्या दैनिकाकडे मागणी दोन गोष्टींची आहे. जून ते नोव्हेंबर दर पंधरवड्याला एक चौकट छापा: योजना, कोणाला चालते, रक्कम, विद्यार्थ्याची शेवटची तारीख, दुरुस्तीची शेवटची तारीख, महाविद्यालयाच्या तपासणीची शेवटची तारीख. तिन्ही तारखा वेगवेगळ्या असतात, म्हणून तिन्ही हव्यात. आणि 6 जानेवारीच्या दर्पण दिनी, म्हणजे मराठी पत्रकार दिनी, गोव्यातल्या विद्यार्थ्यांच्या मराठी वृत्तलेखनाला एक पुरस्कार आपल्या दैनिकाने सुरू करावा. पंचायत, खाण, मासळीबाजार, काहीही चालेल, पण बातमी स्वतः जाऊन मिळवलेली हवी. सोबत दोन महिन्यांची मानधन देणारी उमेदवारी (इंटर्नशिप) ठेवावी. विनामानधन उमेदवारी फक्त पणजी-पर्वरीत घर असलेल्यांनाच परवडते; काणकोण आणि सत्तरीच्या मुलांचे बसभाडेच त्यांना मागे ठेवते.

आपला,
ईटीसी विषयाचा एक शिक्षक, फोंडा