पंप खोलायच्या आधी एवढं बघ

सोन्या,

फोनवर मी सांगायला लागलो की तू नुसतं हो पप्पा हो पप्पा करतोस आणि मागनं त्या गॅरेजवाल्याचा आवाज येत राहतो, म्हणून आता निवांत बसून टाईप करतोय. आई म्हणतेय साडेअकरा झाले, झोपा आता, पण झोप कुठली यायला, गाडी तिकडं कुडाळात आणि तू तिच्याजवळ.

तो गॅरेजवाला म्हणतोय तसा डिझेलचा पंप, नोझलकडं प्रेशरनं डिझेल पाठवणारा, खोलू देऊ नकोस. उद्या दुपारपर्यंत तरी नकोच.

तू सांगितलेलं मी कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलंय. सकाळी दहा-बारा सेल्फ मारल्याशिवाय घेत नाही, एकदा घेतली की दिवसभर अर्ध्या सेल्फला घेते, आणि माल भरला की चढाला दम सोडते. आता यातलं मधलं बघ. पंपाचे एलिमेंट, म्हणजे आतले प्रेशर बनवणारे दट्टे, झिजले असते तर त्रास गरम गाडीला जास्त झाला असता, कारण गरम झाल्यावर डिझेल पातळ होतंय आणि झिजलेल्या एलिमेंटातून निसटतंय, प्रेशर बनत नाही. तुझी गाडी तर गरम असताना झटक्यात घेते. मग पंपावर संशय कशाला? त्या गॅरेजवाल्याला पंप खोलायला सोपा पडतोय आणि बिल मोठं होतंय, एवढंच. आणि एकदा पंप खोलला की कॅलिब्रेशन आलं, डिझेलचं माप परत जुळवणं, म्हणजे टेस्ट बेंच असलेला पंपवाला शोध, दोन दिवस गाडी उभी.

तुला आठवत नसेल, तू चौथीत का पाचवीत होतास, तेव्हा मी स्वतः हाच मूर्खपणा केलाय. हीच गाडी, हाच त्रास. एका गॅरेजवाल्यानं पंप उतरवला, इंजिनात डिझेल फवारणारी नोझल बदलली, भरपूर पैसे घेतले आणि चार दिवसांनी सकाळी परत तेच, घरघर घरघर आणि बॅटरी बसली. मग एकदा घराजवळ जागा नव्हती म्हणून रात्री गाडी उतारावर तोंड खाली करून लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका सेल्फला चालू! मला वाटलं देव पावला. परत सपाटीला लावली की परत बोंब. असं तीन-चार दिवस झालं तेव्हा उद्यमनगरातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना सांगितलं, तर ते हसायलाच लागले. म्हणाले, अरे तोंड खाली केलं की टाकी वर आली, डिझेल आपोआप पंपाकडं उतरतंय. सपाटीला लावलीस की रात्रभर डिझेल लाईनमधनं मागं टाकीत पळतंय आणि त्या जागेवर हवा जातीय. कुठंतरी एअर घेतीय बघ. आणि शोधलं तर काय निघालं, टाकीकडनं येणाऱ्या लाईनवरच्या सेडिमेंटरच्या, म्हणजे पाणी-गाळ धरणाऱ्या भांड्याच्या, पोकळ बँजो बोल्टाचं तांब्याचं वायसर! जुनंच वायसर परत परत वापरून चेपून चपटं झालेलं, नखावर घेऊन बघितलं तर एका बाजूला केसाएवढी चीर. डिझेल बाहेर गळतसुद्धा नव्हतं, म्हणून कुणाला दिसलं नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे टाकीतनं डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपापर्यंतची, लाईन ओढीवर असते, तिथं भोक पडलं की डिझेल बाहेर येण्यापेक्षा हवा आत जाते, त्यामुळं कोरडी दिसणारी लाईनसुद्धा चोर असू शकते.

तर उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी फीड पंपाचा हातपंप मारून बघ. पहिले दहा-वीस दाब पोकळ गेले आणि मग तो जड झाला, आणि त्यानंतर गाडी लगेच घेतली, तर समजायचं की रात्री डिझेल मागं गेलं होतं. मग टाकीपासनं सुरू कर, इंजिनाकडनं नाही. रबरी होज दुमडून बघ, वळणावर भेगा दिसतात. क्लिपा आवळ, पण वेड्यासारखं नको, होज कापते. सेडिमेंटरचा बाऊल आणि त्याचं रबर बघ. बँजोची वायसरं सगळी नवी टाक, दहा-वीस रुपयांचा प्रश्न आहे. फीड पंप ते फिल्टरच्या मध्ये एक हातभर पारदर्शक नळी लावता आली तर फारच चांगलं, इंजिन चालू असताना त्यातनं बुडबुडे पळताना डोळ्यांनी दिसतात, मग कुणाशी वाद घालायला नको. नंतर फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करून हातपंप मार, फेस जाऊन नितळ डिझेल आलं की आवळ.

तोवर कुणाला तरी मागं सायलेन्सरजवळ उभा कर. सेल्फ मारताना धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही, म्हणजे आपलं एअरचं प्रकरण. पांढरा धूर भकाभका येतोय आणि तरी घेत नाही तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, मग टॅपेट, नोझल, टायमिंग, कंप्रेशन ते सगळं बघायला लागेल, आणि ते तिथं नको, गाडी घेऊन इकडंच ये. आणि सेल्फ जोरात फिरतोय का ते पण ऐक. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, सेल्फ मारताना ९.५ च्या खाली जात असेल तर आधी टर्मिनल आणि चेसीची अर्थिंगची पट्टी घासून काढ. सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको, मध्ये अर्धा मिनिट तरी सोड. आणि एअर फिल्टरच्या तोंडाला पेटता काकडा धरणं, स्प्रे मारणं असले उद्योग कुणालाही करू देऊ नकोस.

आता चढाचं. हे दुसरं दुखणं आहे का त्याचंच पोर आहे ते मला इथनं सांगता येणार नाही, पण चढाला धूर कसला येतो ते बघ. काळा येत असेल तर हवा कमी पडतीय, एअर फिल्टर काढून झटक, तू चिरा वाहतोयस, ती लाल धूळ गच्च बसते. धूरही नाही आणि ओढतही नाही, तर डिझेल कमी पडतंय. डिझेल फिल्टर कधी बदललास? खरं सांग. एकानं पॅडल पूर्ण दाबायचं आणि दुसऱ्यानं पंपावरचा लिव्हर स्टॉपरला टेकतोय का बघायचं, केबल लांबली असेल तर तू कितीही दाब, गाडीला अर्धाच ॲक्सिलेटर मिळतोय.

आणि टाकीचं झाकण. मला माहितीय तू झाकण हरवून चिंधी कोंबलीयस, मागच्या वेळी मी बघितली होती. चिरा भरून करूळ घाट चढताना एकदा माझी गाडी अशीच मेली, दहा मिनिटं थांबलो की नीट, दोन वळणं गेली की परत मेली. शेवटी गगनबावड्याला येऊन टाकीत तार घालून फिरवली तर चिंधीचा बोटभर तुकडा वर आला, डिझेलनं काळा झालेला. ओढ वाढली की तो जाळीला जाऊन चिकटायचा, इंजिन बंद केलं की सुटून तरंगायचा. तुझी पण थांबल्यावर बरी होते का? हे तू फोनवर सांगितलं नाहीस.

एक लक्षात ठेव, नोझलच्या पाईपचा नट सैल करून एअर काढायची वेळ आली तर हात लांब. त्या प्रेशरची पिचकारी कातडीतनं आत जाते, वरनं टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण तसं झालं तर गाडी सोडून सरळ दवाखाना गाठायचा.

सकाळी साडेसहाला मी उठलेला असतो, हातपंपाचे किती दाब पोकळ गेले ते मोजून सांग. आणि काढलेली वायसरं टाकू नकोस, पुडीत बांधून आण, मला बघायचीत. आई विचारतेय जेवलास का.

पप्पा