खिडक्यांसाठी पैसे देणाऱ्या तुम्हा सगळ्यांना

प्रिय मंडळी,

नावं घेतलेली तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आवडणार नाहीत म्हणून घेत नाहीये, पण थँक्यू बोलल्याशिवाय मला राहवत पण नाही.

आपल्या गावठाणातल्या चर्चच्या रंगीत काचा परत जागेवर बसल्या, फोटो काढून झाले, व्हॉट्सॲपवर स्टेटस लावून झाले. कौतुक सगळं काचांचं चाललंय आणि ते व्हायलाच पाहिजे. पण मी कमिटीत असल्यामुळे पैसे कुठे गेले ते मला माहितीये. बहुतेक पैसे काचेवर गेलेच नाहीत, ते गेले शिशावर, लोखंडी सळयांवर, पुटीवर आणि परांचीवर.

कारण काच तशी धडधाकट होती. तिचा रंग वरून फासलेला नसतो, निळ्यासाठी कोबाल्ट, लालसाठी तांबं नाहीतर सोनं, असं काच वितळवतानाच घालतात, म्हणून उन्हाने उडत नाही. चेहऱ्याच्या रेषा तेवढ्या वरून काढून भट्टीत भाजतात. पण तुकडे जोडणारी शिशाची पट्टी मऊ, वर्षानुवर्षं वजनाने खाली बसते, आणि मागच्या सळया आपल्या खाऱ्या हवेत गंजून फुगतात, मग पॅनेल पोट सुटल्यासारखं पुढे येतं आणि जून उजाडला की त्या फटींतून पाणी आत. खिडकीखालच्या बाकावर बसणाऱ्या आंट्यांना विचारा.

आता देणगी मागायला गेलं की सगळ्यांना काय पाहिजे असतं? संताचा चेहरा. मदर मेरीचा निळा झगा. आईच्या नावाने अमुक एक पॅनेल. त्यात वाईट काहीच नाही, राजाबाई टॉवरला पण प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले ते आईच्या नावासाठीच, आणि कुलाब्याचं १८५८ चं अफगाण चर्च तर अख्खंच पहिल्या अफगाण युद्धात गेलेल्यांच्या आठवणीत उभंय. पण परांचीवर कोणाचं नाव लावणार? काम संपलं की बांबू सोडून घेऊन जातात.

म्हणून ते अंकल, ज्यांनी चेक देताना सांगितलं की चेहरा-बिहरा दुसऱ्या कोणाला द्या, मला बांबूचं बिल द्या, त्यांना स्पेशल थँक्यू. (बिल खरंच मागून घेतलं आणि त्यातली बेरीज पण तपासली.)

मच्छीमार्केटच्या मावश्यांनो, तुमचं काय बोलू! संत पीटरच्या जाळ्यातला एक मासा कधीतरी फुटला होता आणि तिथे कोणीतरी साधी पांढरी काच ठोकून दिलेली. तुम्ही धंद्यातून बाजूला काढून पैसे दिलेत, वर वर्कशॉपला जाऊन उभ्या राहिलात, आणि कल्ला चुकीच्या जागी काढलाय म्हणून कारागिराला ड्रॉइंग परत करायला लावलंत. फादरनी समजवून बघितलं की गालीलचा समुद्र म्हणतात पण ते गोड्या पाण्याचं तळं आहे, तिथला मासा आपल्यासारखा नसेल, तर तुम्ही बोललात की पाणी कुठलं पण असू दे, कल्ला डोक्याच्या मागेच असतो. आता जवळ जाऊन बघा, कल्ला बरोबर जागेवर आहे, आणि खवल्यांवर जी पिवळी झाक दिसते ती चांदीच्या क्षाराची, भाजल्यावर येते.

समोरच्या चाळीतल्या पोरांनी वर्गणी काढली ती बाहेरच्या साध्या काचेसाठी. रंगीत काचेपासून थोडी लांब बसवलीय, मध्ये हवा खेळायला फट ठेवून, नाहीतर आत दमट राहतं. पाऊस आणि बॉल दोन्ही तिथेच अडतील. बॉल त्यांचाच असतो, तेव्हा ही देणगी म्हणायची की इन्शुरन्स ते मी ठरवत नाही, पण मिस्साला कधी न आलेल्या पोरांनी दारोदार फिरून पैसे जमवले एवढं खरं.

बाकी, पावत्या ऑफिसमध्ये पडून आहेत, प्लीज घेऊन जा. दानपेटीत पाकीट टाकून वर नुसतं ‘शिशासाठी’ लिहिणाऱ्या व्यक्तीची पावती कोणाच्या नावाने फाडायची ते आम्हाला कळत नाहीये, त्यांनी तरी हळूच येऊन सांगावं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, म्हणजे आपला कापणीचा सण आहे, त्या दिवशी सगळा हिशोब नोटीस बोर्डावर लावतोय, बघून घ्या आणि जेवूनच जा, फुगे (तळलेले गोल पाव) आणि सोरपोतेल (डुकराच्या मटणाचं कालवण) आहे.

तुमचीच,
कमिटीतली एक