‘मी नुसता उभा होतो’

अमळनेर

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर हसत हसत सांगितलेस की, पहिल्या वर्षाच्या एका मुलाला तुम्ही रात्री गॅलरीत उभे करून अहिराणीत भाषण ठोकायला लावले आणि त्याचा व्हिडिओ काढला. तू काय करत होतास असे विचारल्यावर म्हणालास, ‘मी नुसता उभा होतो.’ आई शेजारी बसली होती म्हणून तेव्हा मी बोललो नाही. अहिराणी ही तुझ्या आजीची भाषा आहे, हेही तुला सुचले नाही, त्याचे मला अधिक वाईट वाटले.

मी आठवीत असताना तापीकाठच्या एका खेड्यातला मुलगा आमच्या वर्गात आला होता. मधल्या सुट्टीत कोणीतरी त्याच्या फडक्यातली कळण्याची भाकरी हिसकावली आणि ती एकमेकांकडे भिरकावण्याचा खेळ सुरू झाला. ती माझ्या हाती आली तेव्हा अर्धी तुटलेली होती आणि तिला ठेच्याचे तेल लागले होते. मी क्षणभर थांबलो, आजूबाजूच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिले, ते हसत होते, म्हणून मीही हसलो आणि भाकरी पुढे फेकली. त्या मुलाशी माझे काडीचेही वैर नव्हते. पुढे वीसेक वर्षांनी त्या दोघांतला एक जण मला म्हणाला, ‘तू थांबलास तेव्हा मला वाटले, आता तू ती परत देशील, पण तू हसलास.’

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. तो आठवडे बाजाराचा दिवस होता. त्या गर्दीतली बहुतेक माणसे सकाळी बाजारहाट करायला घराबाहेर पडली असतील. भाकरी आणि पाच जीव एका तराजूत घालण्याइतका मी खुळा नाही, पण शेजारच्याचे तोंड पाहून स्वतःचा हात उचलायचा, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) झटके देत शेवटच्या बटणापर्यंत जाणारे ४० पैकी २६ जण निघाले. मात्र सोबतच्या दोघांनी आधीच नकार दिला, तेव्हा ४० पैकी फक्त चौघे तिथपर्यंत गेले. त्या गॅलरीत तू कोणाकडे पाहत होतास हे मला ठाऊक नाही, पण तुझ्याकडे कोणीतरी पाहत होते, याची मला खात्री आहे.

रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्यात १९९९ पासून कायदा आहे; त्याचा धाक घालण्यासाठी हे पत्र नाही. तो व्हिडिओ ज्याच्या ज्याच्या मोबाइलमध्ये आहे, त्याच्याकडून तो पुसून घे आणि रविवारी फोन करशील तेव्हा मला त्या मुलाचे नाव सांग. परवा तू त्याला तीनदा ‘तो नवा’ म्हणालास.

तुझा,
अप्पा