न्यूयॉर्कच्या आकाशातली वाट आखून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

सांगलीहून आलेल्या आई-बाबांना सेस्ना 172 मध्ये बसवून मी न्यू जर्सीतल्या कॉल्डवेलहून लाँग आयलंडवरच्या आयस्लिपला ढगांतून सुखरूप पोहोचले, त्याला आता बरेच दिवस झाले. फोनवर आभार मानले होते, पण तुम्ही दोन संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून जे शिकवले त्याची पोच नीट लिहून द्यावी, आणि ती इथे विमान शिकणाऱ्या इतर मराठी मुलामुलींनीही वाचावी, असे सारखे वाटत होते.

मी आखलेला मार्ग तुम्हाला आठवत असेल. कॉल्डवेल ते आयस्लिप सरळ रेघ, जेमतेम 54 नॉटिकल मैल, अर्ध्या तासाचे काम. तुम्ही त्या रेघेवर बोट ठेवून एवढेच विचारलेत, "या रेघेखाली कोण कोण आहे?" टीटरबरो, लागार्डिया, एका बाजूला न्यूअर्क, दुसऱ्या बाजूला केनेडी, असे गजबजलेले विमानतळ. या शहरावरचे क्लास बी आकाश, म्हणजे परवानगीशिवाय शिरता न येणारा मोठ्या विमानतळांभोवतीचा पट्टा, 7000 फुटांपर्यंत जाते आणि आयएफआर क्लिअरन्समध्ये, म्हणजे ढगांतून यंत्रांच्या आधारे उडण्यासाठी कंट्रोलर देतो त्या मंजुरीत, त्यात शिरण्याची परवानगी आपोआप येते, एवढ्यावर मी निर्धास्त होते. परंतु परवानगी असणे वेगळे आणि जागा असणे वेगळे, हे तुम्ही समजावलेत. कंट्रोलरला दोन विमानांमध्ये साधारणपणे 3 मैल किंवा 1000 फूट अंतर राखावे लागते, आणि उतरणाऱ्या जेटांच्या रांगेत 110 नॉटने (ताशी 110 नॉटिकल मैल) जाणारे माझे विमान घुसवायचे म्हणजे मागची सगळी रांग विस्कटायची. म्हणून तो आपल्याला वळसा घालून पाठवणार, हे गृहीत धरूनच बेत करायचा. प्रसिद्ध होणारे ठरीव मार्ग आणि इतर विमानांना अलीकडे प्रत्यक्ष मिळालेले मार्ग शोधून काढायला तुम्ही मला बसवलेत, तेव्हा रेघ उत्तरेला स्पार्टाकडे गेली, तिथून पूर्वेला कारमेल, मग ब्रिजपोर्ट आणि लाँग आयलंडच्या उत्तरेची खाडी ओलांडून आयस्लिप. अंतर शंभर मैलांच्या वर, जवळजवळ दुप्पट.

त्या एका गोष्टीने सगळाच हिशेब बदलला. आई-बाबांच्या बॅगांचे वजन बसावे म्हणून मी टाकी अर्ध्याहून कमी भरणार होते. पोहोचण्याच्या वेळेच्या आधी आणि नंतर एक तास ढगांची उंची 2000 फूट आणि दृश्यता 3 मैल अपेक्षित नसेल तर पर्यायी विमानतळ लागतो, हा नियम मला पाठ होता. मात्र समुद्रावरचे धुके साऱ्या लाँग आयलंडवर एकदमच पसरू शकते, तेव्हा पर्याय किनाऱ्यावरचा घेऊन उपयोग नाही, हे मला सुचले नव्हते. तुम्ही समुद्रापासून आतल्या बाजूचे ब्रॅडली विमानतळ निवडलेत. तासभराचा वळसा, पुढे ब्रॅडलीपर्यंतची चाळीस मिनिटे, त्यावर नियमाने राखून ठेवायचे 45 मिनिटांचे इंधन आणि सुटण्याची परवानगी मिळेपर्यंत जमिनीवर जळणारे पेट्रोल. बॅगा घरी राहिल्या. खाडीवर इंजिन बंद पडले तर दर हजार फुटांना दीड मैलच तरंगता येते, म्हणून लाइफ जॅकेट मागे ठेवायचे नाही, अंगावर घालायचे, हेही तुम्हीच बजावलेत. आईने साडीवर ते घातले तेव्हा ती एक अक्षर बोलली नाही, फक्त पट्टा दोनदा ओढून पाहिला.

आणि क्लिअरन्स लिहून घेण्याचे तुमचे पाच ककार! कुठपर्यंत, कसे, किती उंच, कोणाशी बोलायचे, आणि रडारवर ओळख पटवणारा कोड. कागदावर पाच ओळी आधीच आखून ठेवल्या होत्या. त्या सकाळी कंट्रोलरने "लिहून घ्यायला तयार असाल तेव्हा सांगा" म्हटले आणि मी कळवलेला मार्ग बाजूला ठेवून त्याने पूर्ण नवा मार्ग भराभर वाचून दाखवला, तेव्हा दुसऱ्या ककारासमोर स्पार्टा आणि कारमेल ही नावे मला ऐकू येण्याआधीच माझ्या हाताने लिहायला घेतली होती. रेडिओ बंद पडला तर क्लिअरन्समधला मार्ग, आणि उंची मात्र दिलेली, पुढे अपेक्षित म्हणून सांगितलेली आणि त्या टप्प्याची किमान, या तिन्हींतली सर्वांत जास्त, हे प्रत्येक टप्प्यासाठी तुम्ही माझ्याकडून मोठ्याने वदवून घेतले होते. त्याची गरज पडली नाही, पण ढगात शिरताना मन स्थिर राहिले ते त्यामुळेच.

आयस्लिपला सुमारे 900 फुटांवर ढग संपले आणि धावपट्टीचे दिवे समोर दिसले. बाबांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि चाके टेकेपर्यंत काढला नाही.

तो पाच ओळींचा कागद जपून ठेवला आहे, त्याची प्रत सोबत पाठवते. तुमच्याबद्दलच्या कृतज्ञतेने मन भरून आले आहे. आई-बाबांचा नमस्कार.

आपली विद्यार्थिनी